बारा टक्के मीठ

धुणेबाईंना राग यायला कारण लागत नाही, असं रक्तपेढीत सगळे म्हणतात. ते खरं नाही. कारण लागतं, आणि बहुतेक वेळा ते समोरच असतं. त्या मंगळवारी ते गरम पाण्याच्या टाकीत तरंगत होतं.

नऊला पाच मिनिटं कमी होती. बाईंनी तिसऱ्या मजल्यावर येऊन छत्री खुंटीला अडकवली, पांढरा कोट चढवला आणि आतल्या खोलीत पाऊल टाकलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते, रजा संपवून त्या आदल्या दिवशीच कामावर आल्या होत्या. नव्या डोळ्याला सगळं जरा जास्तच लख्ख दिसत होतं. कोपऱ्यातल्या टाकीचा लाल दिवाही तसाच दिसला. आकडा सदतीसवर. पाण्यात रक्ताची एक पिशवी. शेजारी पेढीचे नवे प्रमुख, चौतिशीतले डॉक्टर, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे.

"या बाई. थिएटरमधून फोन आला होता. म्हटलं, तुम्ही येईपर्यंत वितळवून ठेवू. तेवढाच वेळ वाचेल."

बाईंनी पिशवीवरचा क्रमांक वाचला. तो त्यांना पाठ होता. कारण तशी पिशवी पेढीत एकच होती.

"कोणाला विचारून काढलीत?"

"अहो, मी प्रमुख आहे."

"म्हणूनच विचारतेय. दुसऱ्या कोणाला विचारलंच नसतं, सरळ हाकलला असता."

पिशवी एका शिंपिणीची होती. तिचा रक्तगट लाखात एखाद्याचा. तिला दुसऱ्या कोणाचं रक्त चालत नाही, म्हणून सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःचंच रक्त स्वतःसाठी देऊन ठेवलं होतं. बाईंनी ते उणे ऐंशी अंशांवर गोठवलं होतं. आज सकाळी दोन मजले खाली तिचं गर्भाशय काढायची शस्त्रक्रिया सुरू होती, आणि रक्तस्राव थांबत नव्हता.

आता गोठवलेलं रक्त म्हणजे फ्रीजमधलं दूध नव्हे, की काढलं, कोमट केलं आणि दिलं. तांबड्या पेशी तशाच गोठवल्या तर आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि सुईसारखे घुसून पेशी फाडतात. म्हणून आधी पेशींत ग्लिसरीन भरावं लागतं. ते असे स्फटिक होऊ देत नाही. पण वितळल्यावर हेच ग्लिसरीन जिवावर उठतं. ते काढल्याशिवाय रक्त माणसाला देता येत नाही, आणि काढायची घाई केली तर रक्तच उरत नाही.

पेशीभोवतीचा पडदा पाण्याला लगेच वाट देतो. त्यात पाण्यासाठी वेगळ्या, अगदी चिंचोळ्या वाटा असतात. ग्लिसरीन त्या मानानं रेंगाळत, पाय ओढत बाहेर येतं. मिठाला तर परवानगीशिवाय दारातही उभं करत नाहीत. म्हणजे आत ग्लिसरीन ठासून भरलेली पेशी जर साध्या सलाइनमध्ये टाकली, तर ग्लिसरीन बाहेर पडायच्या आत पाणी आत घुसतं. पेशी फुगते. पडद्याला ताण सोसत नाही. फुटते. हे व्हायला मिनिटही लागत नाही.

यावर उपाय एकच. आधी बाहेरचं पाणीही तितकंच दाट करायचं, बारा टक्के मिठाचं. मग पाण्याला आत धावायचं कारण राहत नाही, आणि ग्लिसरीन आपल्या चालीनं बाहेर येत राहतं. त्यानंतर एक पूर्णांक सहा टक्के. त्यानंतर साधं शून्य पूर्णांक नऊ टक्क्यांचं, थोडी साखर घातलेलं. प्रत्येक वेळी यंत्रात गरगर फिरवून पेशी तळाशी बसवायच्या, वरचं पाणी काढायचं, पुन्हा धुवायचं. एकूण दीड तास. हे काम बाई अठ्ठावीस वर्षं करत होत्या. धुणेबाई हे नाव त्यावरूनच पडलं. कोणी तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे. आपल्या कामाचं नाव आहे, म्हणायच्या, तुमच्यासारखं आडनावावर जगत नाही.

त्यांनी कपाट उघडलं. दुसऱ्या फळीवर त्यांच्या जागेवर त्यांचीच खोकी होती, सीलबंद. काल त्यांनी ती पाहिली होती आणि आहेत म्हणून पुढं गेल्या होत्या. आता कात्रीनं पट्टी कापली, बाटली काढली, नव्या डोळ्यासमोर धरली.

शून्य पूर्णांक नऊ.

दुसरं खोकं. शून्य पूर्णांक नऊ. तिसरंही.

"डॉक्टर, बारा टक्के कुठंय?"

"सलाइन आलंय की. तुमच्या रजेत आलं. मीच सही केली."

"आणि जुन्या दोन बाटल्या होत्या त्या?"

"मुदत संपली होती. महिनाअखेरीला काढून टाकल्या. नियमाप्रमाणे." शेवटचा शब्द उच्चारताना डॉक्टरांचा आवाज जरा बसला, कारण बाईंचा चेहरा त्यांना दिसत होता.

बाईंनी भांडाराचा अंतर्गत क्रमांक फिरवला. भांडारपाल चार महिन्यांपूर्वी बदलून आलेला गृहस्थ. सव्वीस वर्षांची नोकरी, टेबलावर धुळीचा कण नाही, बोलणं मऊ.

"बाई! बरा आहे का डोळा?"

"माझी मागणी बारा टक्क्यांची होती. हे काय पाठवलंत?"

"हां, ते होय. ते मी दुरुस्त केलं."

"काय केलंत?"

"दुरुस्त. तुम्ही बारा लिहिलं होतं. बारा टक्के सलाइन कुठं असतं का बाई? सव्वीस वर्षांत मी कधी मागवलं नाही. सलाइन म्हणजे शून्य पूर्णांक नऊ, शाळेतलं पोर सांगेल. म्हटलं बाईंचा डोळ्याचा त्रास, आकडा चुकला असेल. उगाच तुमच्या नावावर चूक कशाला दिसायला हवी? गुपचूप नीट केलं. कोणाला सांगितलंसुद्धा नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसानं चोरी केली असती तर चार शब्द सापडले असते. ह्यानं उपकार केले होते.

"एक फोन करता येत नव्हता?"

"तुम्ही रजेवर. आजारी माणसाला त्रास कशाला?"

त्यांनी फोन आपटला नाही. आपटला असता तर तो तुटला असता, आणि नव्या फोनची मागणीही ह्याच माणसाकडून जाणार होती.

घड्याळात नऊ वाजून सात मिनिटं. पिशवी पूर्ण वितळली होती. वितळलेली पिशवी परत गोठवता येत नाही, आणि पेढीचा नियम असा की वितळल्यापासून दोन तासांत धुणं सुरू झालंच पाहिजे. शहरात असं काम करणारी दुसरी पेढी नव्हती. दुसऱ्या शहरातून द्रावण यायला संध्याकाळ.

"साध्यानंच हळूहळू धुतलं तर?" डॉक्टर म्हणाले. "थेंब थेंब?"

"थेंब थेंब फुटतील."

"तीन टक्क्यांचं असतं वॉर्डात."

"पुरत नाही. आत केवढं ठासलंय, कल्पना आहे का?" बाई थांबल्या. "अतिदक्षतेत साडेतेवीस टक्के मिठाच्या कुप्या असतात. कुलपात. ते आणि हे साधं, निम्मं निम्मं केलं की झाले बारा."

"म्हणजे आपण इथं मिसळायचं? बाई, हे कुठल्या नियमात नाही. तयार, तपासलेलं द्रावण वापरायचं असं स्पष्ट लिहिलंय. मला समितीला विचारावं लागेल. उद्या काही झालं तर सही माझी."

"विचारा. समिती कधी भेटेल?"

"दुपारी. नाहीतर... बघा ना, सर्जन म्हणत होते, तशी ती फार अशक्त होती. म्हणजे तसाही भरवसा..."

वाक्य तिथंच राहिलं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका माळ्याची पिशवी बाईंच्या हातात होती. तेव्हाचे सर्जन फोनवर ओरडत होते, दर चार मिनिटांनी. बाई तरुण होत्या, घाबरल्या, आणि मधलं धुणं गाळून पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर गेल्या. पिशवी फिरवून बाहेर काढली तेव्हा आतला गढूळ, दाट तांबडा रंग गेला होता. त्या जागी काचेसारखं आरपार दिसणारं सुंदर लाल पाणी. पेशी राहिल्या नव्हत्या, त्यांच्यातला रंग तेवढा होता. माळी दुपारी गेला. सर्जन बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "मनाला लावून घेऊ नका. तसाही वाचला नसता." सांत्वन म्हणून म्हणाले होते. त्या दिवसापासून बाईंनी 'तसाही' हा शब्द ऐकला की समोरचा माणूस कोण आहे हे त्या बघत नसत.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि बाहेरच्या खोलीतल्या टंकलेखिकेचे हात थांबले. "तुम्ही न विचारता माझी पिशवी वितळवली. ते सोडलं. न वाचता खोक्यांवर सही केली. तेही सोडलं. मीही काल खोकं उघडलं नाही, ती माझी चूक, मी लिहून देईन. पण खाली पोट उघडं टाकून बाई पडलीय आणि तुम्ही इथं उभं राहून 'तसाही' म्हणताय? ती काल स्वतःच्या पायानं चालत आली होती! 'तसाही' म्हणाल तर सगळेच मरणार आहोत, मग ही पेढी कशाला चालवायची? लावा कुलूप. इथं सरबताची गाडी टाका!"

डॉक्टर लाल झाले. पण माणूस वाईट नव्हता, नुसता नवा होता. ते म्हणाले, "मला पुरावा दाखवा. काहीतरी, ज्यावर मला सही करता येईल."

हे बाईंना पटलं. खरं तर त्यांनी स्वतःही तेच केलं असतं. पिशवीला एक लांब नळीचं शेपूट असतं, त्याचे सील केलेले तुकडे तपासणीसाठीच ठेवतात. त्यांनी चालत जाऊन अतिदक्षता विभागातून फक्त एक कुपी आणली. तिथल्या हेडसिस्टर म्हणाल्या, "धुणेबाई, हे थेट कोणाच्या शिरेत गेलं तर माणूस जागेवर थंड होतो." बाई म्हणाल्या, "मला माणसाला द्यायचं नाही, बादलीत घालायचंय." हेडसिस्टरनी नाव लिहून घेतलं आणि कुपी दिली.

निर्जंतुक हवेच्या कपाटात, काचेच्या आड हात घालून बाईंनी द्रावणं जुळवली. मग दोन काचनळ्या. शेपटाचा एक तुकडा कापून निम्मं रक्त एकीत, निम्मं दुसरीत. पहिल्या नळीत भांडारपालानं पाठवलेलं साधं सलाइन घातलं. दुसरीत आधी बारा, पाच मिनिटं थांबून मधलं, मग साधं.

"बघा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या नळीच्या मागं छापील कागद धरला.

पाणी घालताना नळी गढूळ होती, अक्षरं दिसत नव्हती. डॉक्टरांनी मनात वीसपर्यंत मोजलं असेल नसेल, रंग उजळत गेला, आणि तांबड्या काचेतून कागदावरची ओळ स्वच्छ वाचता आली. शेवटी दुसऱ्या नळीमागंही कागद धरला. काही दिसलं नाही. दाट, गढूळ, जिवंत.

डॉक्टरांनी पुस्तकात हे शंभरदा वाचलं होतं. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. त्यांनी पेन काढलं आणि स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, की तयार द्रावण उपलब्ध नाही, रुग्णाच्या जिवाला धोका आहे, पर्यायी द्रावण माझ्या जबाबदारीवर. खाली सही. घड्याळात नऊ चाळीस.

"वेळही घाला," बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी वेळ घातली.

अतिदक्षतेतून उरलेल्या कुप्या मागवून, पहिलं धुणं फिरायला लावून बाई बाहेरच्या खिडकीशी आल्या. तिथं शिंपिणीचा नवरा अर्ध्या तासापासून उभा होता. उंच, किडकिडीत, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग.

"ताई, खालून म्हणतात रक्त वर आहे. वर म्हणतात वेळ लागेल. किती?"

"तास-सव्वातास."

"नुसतं धुवायला?" त्याचा आवाज चढला. "तिकडं ती पडलीय आणि तुम्ही तासभर काय धुताय? कपडेसुद्धा..."

"तुमचं काम काय?"

"इस्त्री. ती शिवते, मी इस्त्री करतो. का?"

"कोटाला अस्तर लावताना दोन कापडं कशी ठेवता?"

माणूस गोंधळला. पण प्रश्न त्याच्या धंद्यातला होता. "उलट्या बाजू आत, एकमेकींना लागून. सुलट्या दोन्हीकडनं बाहेर."

"पेशीचं कापड तसंच असतं. चरबीचे बारीक बारीक कण, दोन थर. प्रत्येकाचं डोकं पाण्याकडं, शेपट्या आत, शेपट्यांना शेपट्या. आणि त्या कापडाला शिवण नाही. एक टाकासुद्धा नाही."

"मग टिकतं कसं?"

"शेपट्यांना पाण्याचा राग असतो. बाहेरही पाणी, आतही पाणी. मग त्या जातील कुठं? एकमेकींना धरून मधेच राहतात. त्या रागावर ते कापड उभं आहे. मधे मधे दारं असतात, कुठलं दार कोणासाठी ते ठरलेलं. काही दारांवर पंप आहेत, आतला नको तो माल सारखा बाहेर फेकत बसतात. पण वेडंवाकडं ओढलंत, एकदम पाणी सोडलंत, तर फाटणार. तुमच्या बायकोच्या अंगातलं कापड आहे. तापलेली इस्त्री रेशमावर ठेवून देता का?"

"नाही."

"मग मला घाई करू नका."

त्यानं खिडकीवरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, "रागावर उभं आहे म्हणालात ना? तुमच्यासारखं."

बाईंनी खिडकी लावली. पण आपटली नाही.

त्यापुढचा तास धुण्यातच गेला. थिएटरमधून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा डॉक्टरांनीच उचलला आणि दोन्ही वेळा तेच वाक्य म्हणाले, "धुणं चालू आहे, घाई होणार नाही." दुसऱ्या वेळी पलीकडून बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं. त्यांनी फोन कानापासून जरा लांब धरला होता. बाई मधलं द्रावण सोडत होत्या, डाव्या हातानं पिशवी अलगद हलवत, उजव्या हाताच्या दोन बोटांत नळीचा चिमटा. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी इथंच उडी मारली होती. आज त्यांनी घड्याळाकडं पाठ केली आणि चिमटा अर्धाच उघडला.

शेवटच्या धुण्याचं पाणी नळीत घेऊन त्यांनी रंगाच्या कार्डाशी लावलं. कार्डावर पाच पट्ट्या असतात, फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत. तिसऱ्याच्या पुढं गेलं तर पिशवी फेकायची. त्यांनी नळी खिडकीच्या उजेडात दोनदा धरली, एकदा नव्या डोळ्यानं, एकदा जुन्या. नवा डोळा दुसरी पट्टी म्हणाला. जुना पहिली म्हणाला. त्यांनी दुसरी लिहिली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी पिशवी खाली गेली. पावणेदोनला इस्त्रीवाला परत खिडकीशी आला. रक्त चढलं होतं, स्राव थांबला होता. ती शुद्धीवर आलेली नव्हती, पण सर्जननी तिच्या बहिणीला तिच्यासाठी डबा आणायला सांगितलं होतं. याचा अर्थ चांगलाच असणार, असं तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या. "तब्येत सुधारली की सहा महिन्यांनी तिला घेऊन या. फळी रिकामी झालीय."

मग त्यांनी पहिली नळी, ती आरपार लाल, बूच घट्ट लावून स्टँडमध्ये ठेवली आणि तळघरातल्या भांडाराकडं निघाल्या.

भांडारपाल जेवून नुकतेच बसले होते. टेबल पुसलेलं. त्यांनी खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत. नळी त्यांच्यासमोर ठेवली.

"वा," ते म्हणाले. "काय स्वच्छ रंग आहे! कसलं औषध?"

"रक्त आहे."

"एवढं स्वच्छ?"

"तुम्ही दुरुस्त केलेल्या सलाइननं धुतलंय. आरपार दिसतंय ना? मेलेलं आहे म्हणून दिसतंय. सकाळी पिशवीतलं सगळं असंच झालं असतं, आणि एक बाई गेली असती. माझ्या नावावर चूक दिसू नये म्हणून."

भांडारपालांचा मऊ चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी नळी उचलली नाही. रुमाल काढला, ओठ टिपले, रुमाल परत घडी करून ठेवला.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

"तुम्हाला वाटलं. डॉक्टरांना वाटलं वेळ वाचेल. मला वाटलं खोक्यात माझंच द्रावण आहे. तिघांनाही नीटच वाटत होतं! काढा मागणीचं पान."

त्यांनी पान काढलं. बाई सांगत गेल्या, ते लिहीत गेले. अक्षर सुरेख होतं, सव्वीस वर्षांचं. आकड्याशी येऊन पेन थबकलं.

"बाई," ते खाल मानेनं म्हणाले, "राग येणार नसेल तर विचारतो. बारा म्हणजे बाराच ना? एक पूर्णांक दोन नाही?"

बाईंनी श्वास घेतला. सकाळपासून आतून उसळत असलेलं सगळं तोंडाशी आलं. मग भांडारपालांनी मघाशी पुढं केलेली खुर्ची ओढून त्या बसल्या.

"बाराच," त्या म्हणाल्या. "आणि राग येणार. पण विचारत जा."

त्यांनी लिहिलं. बाईंनी पान उलटं फिरवून वाचलं, एकदा नव्या डोळ्यानं, एकदा जुन्या. मग नळी उचलून खिशात घातली.

"ही इथं राहू दिली तर?" भांडारपालांनी विचारलं. "समोर असलेली बरी."

"रक्ताचा कचरा आहे, जाळायला जातो. नियम आहे," बाई म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.